वापश्यावर जावा

गेले चौदा महिने मी कुठलाही रस्ता पाहिला की त्यावर पडायला जागा कुठं आहे ते आधी शोधते. डांबर असलं तर कातडं सोलेल. खडी असली तर गुडघा फुटेल. गवत असलं तर बरं, पण गवताखाली काय आहे ते कुणाला ठाऊक! लोक प्रवासाला निघताना हॉटेलं शोधतात, मी पडायच्या जागा शोधते. हसायचं असेल तर हसा, मीही हसते, पण शोधायची थांबत नाही.

त्याआधी मी अशी नव्हते. रत्नागिरीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. सुट्टी लागली की सायकल आणि चित्रवही घेऊन जुन्या देवळांच्या मागं फिरायचं हा माझा पंधरा वर्षांचा परिपाठ. मग एका सकाळी घराजवळच्याच कातळावर, शेवाळावरून गुळगुळीत टायर सटकलं आणि मी उजव्या हातावर पडले. मनगटाचे दोन तुकडे. आता आत धातूची पट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, "हात छान जुळलाय. पण पुन्हा याच मनगटावर पडलात तर बोटांचं मी काही सांगू शकत नाही."

हे वाक्य मी घरी आणलं आणि जपून ठेवलं. हात बरा झाला, पोळ्या लाटायला लागला, पण पेन्सिल धरली की थरथरायचा. शाळेत मी मुलांना पुस्तकातलं बघून काढायला सांगायचे. चित्रवही चौदा महिने कोरी राहिली. हे फक्त वैशालीला माहीत होतं. ती माझी चित्रकलेच्या कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन परभणीला गेली ती तिथलीच झाली.

"दिवाळी झाली की ये," ती फोनवर म्हणाली. "चारठाण्याची देवळं तुझी राहिलीत ना? गाडी करून देते."

"सायकल आणते," माझं तोंड माझ्या आधी बोलून गेलं. मग रात्रभर जागी. पण एवढं कळत होतं की या वेळी गाडीतून गेले तर यापुढं गाडीतूनच जाणार.

सायकल आणायची तर टायर बदलायचं. गुळगुळीत टायरनं दगा दिला म्हणून मी पुण्याहून दुकानातलं सगळ्यात रुंद टायर मागवलं. अंगभर दाटीवाटीनं रबरी बटणं, जाडी जवळजवळ अडीच इंच. ते बसवल्यावर सायकल रणगाड्यासारखी दिसायला लागली आणि मला जरा झोप लागली.

परभणी

आगगाडीचा प्रवास सांगत बसत नाही. सायकल सुटी करून पोत्यात बांधून आणली होती, ती जोडायला वैशाली मला स्टेशनजवळच्या रफिकभाईंच्या दुकानात घेऊन गेली. रफिकभाई साठीचे, चष्म्याला दोरी, बोलताना हातातलं काम न थांबवणारे. त्यांनी पुढचं चाक हँडलखालच्या चिमट्यात घातलं, टायरवरून अंगठा फिरवला आणि काम थांबवलं.

"हे टायर कुणी दिलं बाई?"

"पुण्याहून मागवलंय. चिखलात घसरत नाही म्हणाले."

"कोणत्या चिखलात?"

आमच्याकडं चिखल म्हणजे चिखल. पाय धुतले की गेला.

"तुमच्याकडची लाल माती पाण्यासंगं वाहून जाते," रफिकभाई म्हणाले. "आमची काळी पाणी पिऊन बसते. एक बार धरलं की सोडत न्हाई. आता हे बगा, ह्या दोन बटणांच्या मधी बोट जातंय का? न्हाई ना? मग माती भरली तर निघंल कुठून? अन् टायर एवढं जाड की चिमट्यात जागाच न्हाई ठेवली. चाक जाम होतंय, बाई."

त्यांनी आतून एक जोडी काढली. दोन इंचांच्याही आतली, बटणं मोजकी आणि लांब लांब, मधली ठेंगणी, कडेची उंच. "हे लावतो. मधून डांबरावर बी पळतंय, कडेनं मुरमात बी धरतंय, अन् माती झटकून टाकतंय. सगळ्या वाटांला एकच टायर नसतंय. पण तुमच्या वाटंला हेच."

मी ते हातात घेतलं. इतकं अरुंद की त्यावर बसायच्या कल्पनेनंच मनगटात कळ आली. मला कातळ आठवला, शेवाळ आठवलं, हाड मोडल्याचा तो आवाज आठवला. रफिकभाईंचं म्हणणं मला पटत होतं, अगदी नीट पटत होतं, आणि तरीही मी म्हणाले, "असू दे. रुंदच राहू दे."

रफिकभाईंनी वाद घातला नाही. अरुंद जोडी गुंडाळली आणि माझ्या कॅरिअरला सुतळीनं बांधली. "नक्को म्हणू नका. न्हाई लागली तर वापस येताना देऊन टाका."

इथं सगळे 'परत' म्हणायच्या जागी 'वापस' म्हणतात. भाजीवाली सुटे वापस देते, रिक्षावाला वापस सोडू का विचारतो. वैशालीनंही रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी वाढताना विचारलं, "वापस कधी जाणार तू?" येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची ही दाट, झणझणीत आमटी. त्यात मी ज्वारीची भाकरी कुस्करून खाल्ली आणि नाकातोंडातून पाणी आलं. आमच्याकडं आमटीत नारळ पडला की सगळं शांत होतं. इथं तशी सवलत नाही. पण तेवढा वेळ मी मनगटाचा विचार केला नाही, हेही खरं.

झरी, बोरी, जिंतूर

जिंतूरचा रस्ता मी कापसानं फुगलेल्या टेम्पोंच्या सोबतीनं कापला. टेम्पो मागून यायचा आवाज आला की माझा उजवा हात आपोआप ब्रेकवर आवळायचा. आपल्या सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. तो एकदम दाबला तर माणूस सायकलच्या पुढं जातो, हे मी मुलांना शिकवत आले आहे. तरी हात ऐकत नव्हता. झरी गेलं तेव्हा बोटं वळून बसली होती, एकेक सोडवावी लागली.

दोन्हीकडं सोयाबीन काढून झालेली काळी रानं आणि मध्ये तुरीचे उंच पट्टे. आमच्याकडं दर वळणाला डोंगर आडवा येतो, त्यामुळं पुढचं दिसत नाही आणि भीतीला रजा मिळते. इथं दोन-दोन मैल पुढचं दिसतं. समोरून येणारा ट्रक ठिपक्याएवढा असतो तेव्हापासून मी त्याला घाबरायला सुरुवात करायचे आणि तो शेजारून जाईपर्यंत पुरवून पुरवून घाबरायचे.

बोरीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटाएवढा, त्या जाड टायरमधून आरपार गेलेला. रुंदीचा इथं काहीच उपयोग झाला नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं तो पकडीनं उपसून माझ्या तळहातावर ठेवला आणि डबीतलं सुलोचन ट्यूबला लावलं. सोल्युशनला आमच्याकडंही सुलोचनच म्हणतात. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसा त्या शब्दानं मला धीर आला. वैशालीनं दिलेले धपाटे मी तिथंच बाकावर बसून दह्याशी खाल्ले आणि काटा खिशात ठेवला. कशाला ठेवला ते विचारू नका. घाबरट माणसं पुरावे जमवतात.

शंकरमामांची वस्ती

जिंतूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शंकरमामांच्या वस्तीवर पोचले. हे वैशालीचे सख्खे मामा. चारठाण्याच्या शिवाराला लागून त्यांचं रान आणि रानातच घर. मी पोचले तेव्हा मामा तिफणीचे फण ठोकत बसले होते. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. हरभरा पेरायचा होता.

मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "एकट्याच आल्या जी सायकलीवर? भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं," मी म्हणाले. मामी हसल्या. त्यांना तो विनय वाटला.

रात्री जेवताना मी चारठाण्याच्या रस्त्याचं विचारलं. मामा म्हणाले, "दोन वाटा हायत. सडक लांबून जातीय. अन् ही पाणंद, घराच्या मागून, बैलगाडीची. लय जवळ. पण पाणंदीनं वापश्यावर जावा. त्याच्या आदी नका जाऊ, ताई."

मी मान डोलावली. वापश्यावर, म्हणजे वापस येताना. सकाळी पाणंदीत बैलगाड्यांची वर्दळ असेल, म्हणून येताना जा म्हणत असतील, असं कारणही मीच शोधून टाकलं. झोपण्याआधी वहीत लिहिलं: 'जाताना सडक, वापसीला पाणंद.' आणि पाणंदीत ट्रक नसतील या विचारानं खुशीत झोपले.

चारठाणा

सकाळी सडकेनं गेले. चारठाण्यात घरांच्या मधूनच देवळं उभी आहेत. एका अंगणात वाळवण, पलीकडं शेळी, आणि तिच्यामागं शेकडो वर्षांचा कोरीव खांब. कुणाला त्याचं अप्रूप नाही. खांबांवरची नक्षी वरून खाली बदलत जाते. चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, आणि कुठंही सांधा दिसत नाही. मी एका देवळाच्या पायरीवर बसले. उजेड सुरेख तिरपा पडला होता. चौदा महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं.

वही उघडली. पेन्सिल टेकवली. खांबाची पहिली उभी रेघ काढायला घेतली आणि ती मध्येच थरथरली. खोडली. पुन्हा काढली, पुन्हा थरथरली. वाटलं, दुसऱ्यांदा पडायची गरजच नाही, हात आधीच गेलाय. डॉक्टरांनी मला खरं सांगितलेलं नाही. मी वही मिटली आणि दुपारपर्यंत नुसती बसून राहिले. एक आजीबाई येऊन विचारून गेल्या, "फोटू काढायलाय का?" मी हो म्हणाले.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि अर्धा तास चांगला पाऊस पडला. मी सभामंडपात उभी राहिले. मग लख्ख ऊन पडलं. आमच्याकडं पावसानंतर अर्ध्या तासात कातळ पायाखाली कोरडा होतो. त्याच भरवशावर मी पाणंदीला लागले.

पाणंद

पहिला टप्पा मुरमाड होता. रुंद टायर तिथं झकास चाललं, आणि मी मनातल्या मनात रफिकभाईंना दोन शब्द सुनावले. मग मुरूम संपला आणि काळी माती सुरू झाली.

आधी चाकाचा आवाज बदलला. खरखर थांबून चपचप सुरू झाली. मग सायकल जड झाली, कुणीतरी मागून कॅरिअर धरल्यासारखी. मी खाली पाहिलं तर टायर दुप्पट झालं होतं. बटणांच्या मधली फट भरून मातीवर माती चढत चालली होती, तीत तुरीची पानं, गवत, खडे. चिमट्याला ती घासायला लागली. मी जोर लावला. पुढचं चाक एकदम अडकलं आणि सायकल तिथंच गाडली गेली. मी डावा पाय टेकला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. उजवा पाय टेकला. तो सरकला.

पडले नाही. हँडलला मिठी मारून उभी राहिले. पण त्या क्षणापासून मला हलता येईना. पाऊल उचलावं तर दुसरं सरकत होतं. बुटांना एवढी माती लागली होती की पाय माझे वाटत नव्हते. सायकल उचलायची तर उजव्या हातावर भार द्यावा लागणार, आणि ती तर आता दोन माणसांनी उचलायची झाली होती. दोन्हीकडं बाभळी, पलीकडं तूर, माणूस नाही. ऊन कलत होतं. वैशालीला फोन लावला आणि ती "कुठं आहेस?" म्हणाली तेव्हा कळलं की पाणंदीत नेमकी कुठं ते मला सांगताच येणार नाही. फोन ठेवला. मी उजवा हात छातीशी धरला, तान्हं लेकरू धरतात तसा, आणि मोठ्यानं म्हणाले, "पडायचं नाही, पडायचं नाही." मग रडू आलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, चिखलात सायकल धरून रडत होते. किती वेळ कोण जाणे.

"कोण हाय तिथं?"

तुरीतून मामी बाहेर आल्या. डोक्यावर गवताचा भारा. मला पाहून त्यांनी भारा तसाच बांधावर टाकला.

"अगं बया! ताई तुमी! इथं कामून आल्या?"

"मामी, मला पडू देऊ नका," मी म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट एवढंच.

"न्हाई पडू देत. आदी ते बूट काढा. काळ्या रानात पाय मोकळा पायजे." त्यांनी माझा डावा हात धरला. अनवाणी पायाची बोटं मातीत रुतली तेव्हा पहिल्यांदा जमीन पायाला लागली. पाऊल-पाऊल करत मामींनी मला बांधावर आणलं आणि मग मामांना हाक मारली. मामांनी सायकल खांद्यावर टाकून घरी नेली. मी बूट हातात घेऊन, खाली मान घालून मागून चालत गेले.

अंगणात मामा खुरप्यानं चाकाची माती काढायला बसले.

"ताई, वापश्यावर जावा म्हणलं होतं की तुमाला!"

"मग वापसीलाच तर आले!" माझा आवाज चढला. "जाताना सडकेनंच गेले होते!"

मामा थांबले. मामींकडं पाहिलं. मामी आधी पदरात हसल्या, मग पदर सोडून हसल्या. मामांना तर खुरपं खाली ठेवावं लागलं.

"अवो, वापस न्हाई, वापसा!" शेवटी मामा म्हणाले. "पाऊस पडला की रान वलं असतंय. त्यात औत घातलं तर चिखल होतोय. लय वाळलं तर दगड होतंय, मग फणच शिरत न्हाई. त्या दोन्हीच्या मधी एक टाईम असतोय. माती वली बी असती अन् मोकळी बी असती. त्याला म्हणायचं वापसा. त्याच्या आदी आमी रानात पाऊल टाकत न्हाई. अन् तुमी सायकल घातली!"

मीही हसले. पण उजवा हात मी मांडीखालीच ठेवला.

मामांनी काढलेल्या मातीचा ढीग घमेलंभर झाला. मग त्यांनी अंगणातल्या जुन्या बैलगाडीकडं बोट केलं. "त्या चाकाची धाव बगा." लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणतात. "किती रुंद हाय? तीन बोटं. भार केवढा न्यायची! रुंद टायर मातीवर बसतंय, ताई. धाव मातीत शिरती, खालचं घट्ट धरती अन् भाईर निगती."

मी कॅरिअरला बांधलेल्या रफिकभाईंच्या जोडीकडं पाहिलं. तीन बोटंच.

दोन दिवस

वापसा यायला दोन दिवस लागतील असं मामा म्हणाले. मी थांबायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, चारठाण्याचा खांब राहिला होता, सडकेनं पुन्हा ट्रकांमधून जायचं धाडस नव्हतं, पाणंदीनं जायची सोय नव्हती.

दर सकाळी मामा रानात जाऊन मूठभर माती उचलत. मुठीत आवळून लाडू करत आणि कमरेच्या उंचीवरून सोडत. पहिल्या दिवशी लाडू पडला आणि चपटा झाला. दुसऱ्या दिवशी कडेनं तडकला. "अजून न्हाई," मामा म्हणायचे आणि मला करून बघायला सांगायचे. मी डाव्या हातानं करायचे.

मामींच्या नजरेतून ते सुटलं नाही. धपाटे थापता थापता त्यांनी विचारलं, "उजव्या हाताला काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. कातळ, पट्टी, डॉक्टर, कोरी वही. पहिल्यांदाच कुणाला तरी सलग सांगितलं. मामींनी धपाटा उलटला.

"मला हिरीचं भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून. अजून बी हिरीवर मोटर चालू करायला मी न्हाई जात, ह्यांलाच धाडते."

"मग कधी गेलं नाही का ते भ्या?"

"न्हाई की. आन् दही घ्या."

त्या दुपारी टायरं बदलली. कडा रिमवर चढवायला मनगटाचा जोर लागतो, तो मामांनी लावला. रुंद जोडी बाभळीला टांगली. अरुंद टायर बसवलेली सायकल अशी कृश दिसत होती की मी तिच्याकडं पाठ करून बसले.

वापसा

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "ताई, आज तुमी बगा. उजव्या हातानं. डाव्याच्या मुठीत जोर नसतोय, कळत न्हाई."

मामींनी सांगितलं असणार. मी खाली वाकले. माती गार होती आणि हाताला चिकटत नव्हती. मूठ आवळली. मनगटातून एक कळ कोपरापर्यंत गेली, मी तोंड वाकडं केलं, पण आवळली. लाडू झाला, त्यावर माझ्या चार बोटांच्या खाचा. सोडला. तो पडला आणि फुटून मोकळा झाला.

"आला!" मामा म्हणाले आणि पळतच बैलांकडं गेले. कडक ऊन होतं, एकदा रान वरून सुकलं की वापसा गेला, आणि हरभरा त्याआधी मातीआड व्हायला हवा होता.

मी चारठाण्याला निघाले. पाणंदीला लागून मामांचं वखरून तयार केलेलं रान होतं. मामा बैल हाकत होते आणि मामी तिफणीमागून चालत, चाड्यावर मूठ धरून हरभरा सोडत होत्या. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी, तिच्यातून दाणे नळ्यांत उतरतात. मामींच्या मुठीतून ते सारख्या धारेनं पडत होते.

अरुंद टायर मातीत जेमतेम बोटभर शिरायचं आणि स्वच्छ बाहेर यायचं. बटणांच्या मधून मातीचे कण मागं उडत होते. रफिकभाई म्हणाले होते तसं, झटकून टाकत होतं. वाट चांगली होती, टायर योग्य होतं, सगळं जसं असायला हवं तसं होतं, आणि मी घामानं निथळत होते. डोळे पुढं पुढं धावत पडायची जागा शोधत होते. एका वळणावर बैलगाडीची खोल चाकोरी दिसली आणि मला वाटलं, इथं.

उजवा हात आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी हँडलवरून पुढं गेले, पाणंदीच्या कडेवरून खाली मामांच्या रानात, आणि उजवा हात पुढं आला. अडवायला वेळच मिळाला नाही.

मग काहीच आवाज झाला नाही. मी पालथी पडले होते, गाल मातीला, डोळे मिटलेले. त्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. कळ यायची वाट पाहिली. आली, पण सकाळच्याएवढीच.

"हलू नका, ताई!" मामी धावत आल्या. "हात बगू. बोटं हालतात का?"

करंगळी हलली. तिच्या शेजारचं हललं. मधलं. तर्जनी. अंगठ्याला मी सगळ्यात जास्त घाबरले होते, तो शेवटी हलवला. हलला.

"हालतात," मी म्हणाले आणि हुंदका फुटला. मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मामा बैल उभे करून आले. मी नीट आहे हे पाहून म्हणाले, "चला, उली बाजूला सरका ताई. तिफणीचं पुढचं तास इथूनच जायचंय."

मी उठले आणि खाली पाहिलं. जिथं हात टेकला होता तिथं तो होता. पाची बोटं, तळवा, मनगटाचा उंचवटा, सगळा पंजा मातीत उमटलेला. चिखल असता तर नुसता खड्डा पडला असता. वाळलेलं रान असतं तर माझंच काहीतरी मोडलं असतं. मातीनं हात आत घेतला होता आणि सोडला होता.

"मामा, दहा मिनिटं थांबाल?"

"कामून?"

मी पिशवीतून चित्रवही काढली. मामांनी वही पाहिली, खालचा पंजा पाहिला, वर सूर्याकडं पाहिलं. रान सुकत होतं आणि अर्धं पेरायचं बाकी होतं. मग त्यांनी बैलांना "हो, हो" केलं आणि जुवावर हात टेकून उभे राहिले. मामी बांधावर बसल्या. मुठीतला हरभरा त्यांनी तसाच मुठीत धरून ठेवला होता.

मी मातीत मांडी घातली आणि काढायला लागले. रेघ थरथरली. बोटांच्या कडेनं माती भुसभुशीत होती, कण सुटत होते, तिथं सरळ रेघ नव्हतीच. मी खोडलं नाही. पुढं काढत गेले. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, तर्जनी, अंगठा. बैल शेपट्या हलवत उभे होते. भीती होतीच, माझ्या शेजारी बसून बघत होती. तरी मी मनगटाची घडी काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं?" मामींनी विचारलं.

मी वही मिटून बाजूला झाले. "मामा, हाका."

बैल निघाले. तिफणीचे तिन्ही फण पंजावरून गेले आणि मामींची मूठ चाड्यावर उघडली.